पट्टीखालचा दाब: मागावरच्या पायांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

सरांनी विषय मान्य केला. पायावर बांधलेली पट्टी किंवा दाबमोजा (पाय आवळून धरणारा लवचिक मोजा) शिरांतल्या रक्ताचं नेमकं काय करतो, ते मोजायचं. शेवटच्या वर्षाला बायोमेडिकलची मुलं सहसा ईसीजीचं यंत्र करतात, त्याची सर्किटं आयती मिळतात. हा विषय डॉक्टर मॅडमनी सुचवला. त्यांच्या सर्जरीच्या ओपीडीत इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार येतात. पोटरीवर नसांचा गुंता, संध्याकाळी घोट्यापाशी सूज, घोट्याच्या आतल्या बाजूला काळवंडलेली कातडी, आणि काहींना वर्ष वर्ष न भरणारी जखम. बहुतेकांना क्रेप बँडेज बांधायला सांगितलं जातं. ते पायावर किती दाब देतं, हे ना बांधणाऱ्याला ठाऊक, ना बांधून घेणाऱ्याला.

मूळ गणित सोपं आहे. माणूस उभा असताना हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा साधारण ११५ सेंमी उंचीचा स्तंभ असतो. त्यामुळे घोट्याजवळच्या शिरेत दाब ८० ते ९० मिमी पारा. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आतल्या शिरा पिळतात, रक्त वर जातं, झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत आणि थोड्याच पावलांत दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो उतरत नाही. सूज, काळी कातडी, जखम, सगळं त्या न उतरलेल्या दाबापायी.

मागावरचा माणूस दिवसभर चालतो असं बघणाऱ्याला वाटतं. पण मागांमधल्या अरुंद बोळात दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. टाच उचलून पोटरी पुरती आवळली जाईल अशी चाल तिथे होतच नाही. बारा तास पाय खाली आणि पंप जवळपास बंद.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी वाचनात गेली.

पहिला गोंधळ वर्गांचा. मोज्याच्या खोक्यावर ‘क्लास २’ लिहिलेलं असतं. जर्मन मानकात त्याचा अर्थ घोट्यापाशी २३ ते ३२ मिमी पारा, ब्रिटिश मानकात १८ ते २४ आणि फ्रेंच पद्धतीत १५ ते २०. म्हणजे दुकानदारानं दिलेला ‘क्लास २’ कुठल्या देशाचा, ते विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आमच्या वहीत वर्ग लिहायचाच नाही, फक्त मिमी पारा, आणि तोही झोपलेला की उभा हे लिहून.

ते का, हे बर्नहार्ड आणि ह्यूगो पार्श या संशोधकांच्या २००५ च्या कामावरून कळलं. पोटरीतली शीर बाहेरून दाबून बंद करायला किती दाब लागतो, हे त्यांनी अल्ट्रासाउंडखाली पाहिलं. झोपलेला असताना २० ते २५ मिमी पाराच पुरतो. बसलेला असताना ५० ते ६० लागतो. उभा असताना ७० च्या आसपास. शीर तीच, माणूस तोच, फक्त उभा राहिला की गरज तिप्पट.

मग २० मिमीचा मोजा घालून उभ्या माणसाला फायदा होतो तो कसा? इथेच आमच्या प्रकल्पाचा गाभा आहे असं मला वाटतं. प्रकल्पातल्या जोडीदाराचं म्हणणं, आधी सेन्सर मागवू.

२५ जानेवारी

सेन्सरवरून दिवसभर वाद. एमपीएक्स ५०१० घ्यावा की ५०५०? पहिला १० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे ७५ मिमी पाऱ्यापर्यंत मोजतो आणि बारीक फरक छान दाखवतो. दुसरा ५० किलोपास्कल, म्हणजे ३७५ मिमीपर्यंत जातो. त्याचं उत्तर दर मिमी पाऱ्यामागे १२ मिलिव्होल्ट येतं आणि ते वाचणाऱ्या अर्डुइनोची (छोट्या संगणक-बोर्डाची) एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे साधारण ०.४ मिमी पारा. जोडीदाराला बारकावा हवा होता. मी म्हटलं, घट्ट पट्टी बांधून माणूस चालला की शिखर ७५ च्या वर जाणार आणि आपल्याला नेमकं तेच बघायचंय. अर्ध्या मिमीनं कुणाचा पाय बरा होत नाही. ५०५० घेतला.

पट्टीखाली ठेवून सेन्सरला जोडायचा फुगा करणं जास्त अवघड निघालं. जाड फुगा पट्टीखाली ठेवला की तिथे टेंगूळ येतं आणि दाब खोटा वाढतो. पातळ प्लास्टिकच्या दोन चकत्या कडेनं चिकटवून चपटी पिशवी केली, बारीक नळी जोडली, आत जेमतेम दोन मिली हवा. हवा जास्त झाली तर पिशवी ताणली जाते आणि स्वतःचाच दाब दाखवू लागते.

कॅलिब्रेशनसाठी गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. पाण्याचे १३.६ मिमी म्हणजे पाऱ्याचा १ मिमी, तेव्हा ४० मिमी पाऱ्यासाठी ५४.४ सेंमी पाणी आणि ७० साठी ९५.२ सेंमी. नळी जिन्याच्या कठड्याला बांधून वरपर्यंत नेली. रेषा सरळ आली. खालच्या मजल्यावरच्या शिपाईकाकांनी दोनदा विचारलं, प्लंबिंग कधी संपणार.

३१ जानेवारी

एथिक्स कमिटीकडे अर्ज. संमतीपत्र मराठीत, आणि वाचून दाखवलं तरी समजेल असं. पहिल्या मसुद्यात ‘शिरासंबंधी अपर्याप्तता’ असा शब्द होता. डॉक्टर मॅडमनी खोडून ‘नसांतल्या झडपा नीट मिटत नाहीत’ असं केलं.

मंजुरी येईपर्यंत फक्त आमचेच पाय.

८ फेब्रुवारी

लाप्लासचा नियम पट्टीला लावला. पट्टीखालचा दाब म्हणजे ४६२० गुणिले ताण गुणिले थर, भागिले पायाचा घेर गुणिले पट्टीची रुंदी. ताण किलोत, घेर आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये.

माझ्या पायाचा घेर घोट्यावर २२ सेंमी, पोटरीवर ३४. पट्टी १० सेंमी रुंद. अर्ध्यावर अर्धी अशी गुंडाळली म्हणून दोन थर. स्प्रिंगच्या ताणकाट्यानं अर्धा किलो ताण धरला. घोट्यावर २१ मिमी पारा येतो, पोटरीवर १३.६. म्हणजे हात एकसारखा ठेवला तर दाब खाली जास्त, वर कमी असा आपोआपच होतो. मुद्दाम खाली घट्ट, वर सैल बांधायची गरज नाही. वॉर्डात नवीन मुलं तेच करतात, घोट्यापाशी ओढून बांधतात, आणि बारीक घोट्याच्या म्हाताऱ्या माणसाला नडगीवर वळ उठतात. नडगीच्या धारेवर वक्रता कमी त्रिज्येची, तिथे दाब सगळ्यात जास्त. म्हणून आधी कापसाचा रोल गुंडाळून पाय गोल करून घ्यायचा.

सूत्र फक्त बांधल्या क्षणाचं सांगतं. दुपारी पुन्हा मोजलं तेव्हा सुती क्रेप ढिलं पडलं होतं आणि सकाळचा दाब उरला नव्हता. कापडाचा हा गुण बँडेजच्या पाकिटावर कुठेच नसतो.

दाब कमी-जास्त होण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पाण्याचं. कॉनराड जॉब्स्ट हा अमेरिकेतल्या टोलेडोचा इंजिनिअर. त्याला स्वतःलाच नसांच्या जखमांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात हे त्याच्या ध्यानात आलं. पाण्याचाही दाब खाली जास्त आणि वर कमी, शिरेतल्या दाबासारखाच, पण बाहेरून. त्यातून १९५० च्या सुमारास त्यानं क्रमाक्रमानं घटत्या दाबाचा मोजा केला. छातीएवढ्या पाण्यात उभं राहणं हा फुकटचा उपाय आहे खरा, पण सध्याच्या पंचगंगेत कुणाला उभं करायची शिफारस मी करणार नाही.

२० फेब्रुवारी

दाब मोजणं म्हणजे रक्ताभिसरण मोजणं नव्हे. त्यासाठी प्रकाशाचा सेन्सर. टीसीआरटी ५००० मध्ये ९५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा आणि शेजारी फोटोट्रान्झिस्टर असतो. कातडीखाली रक्त जास्त असेल तर प्रकाश शोषला जातो, कमी असेल तर परत येतो. नाडी मोजायच्या सर्किटात सावकाश बदलणारा भाग गाळून टाकतात. आम्हाला तोच हवा, म्हणून कपॅसिटर काढून सरळ डीसी जोडणी.

पद्धत अशी. खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकलेला, सेन्सर आतल्या घोट्याच्या दहा सेंमी वर, दिसणारी नस टाळून. मेट्रोनोमच्या ठोक्यावर टाच न उचलता पंजा वर-खाली करायचा, मग पाय सैल सोडायचा. पोटरी रक्त बाहेर ढकलते तशी रेषा वर चढते आणि थांबल्यावर हळूहळू खाली येते. खाली यायला लागणारा वेळ म्हणजे भरणावेळ. झडपा धड असतील तर शिरा फक्त धमन्यांकडून, केशवाहिन्यांतून भरतात, म्हणून २५ सेकंदांहून जास्त लागतात. झडपा गळत असतील तर रक्त वरून मागे येतं आणि वेळ घटतो. दहाच्या खाली गेला तर बिघाड मोठा.

जोडीदाराची रेषा सुरेख आली, तिशीच्या पुढे. माझी करताना ट्यूबलाइटची थरथर रेषेवर चढली, सेकंदाला शंभर वेळा. पायावर काळं कापड टाकलं आणि वेळेच्या सरासरीनं उरलेली काढली. सावळ्या कातडीत परत येणारा प्रकाश थोडा कमी, पण इन्फ्रारेडला त्याचा फारसा अडसर नाही. दिव्याचा प्रवाह वाढवून पायारेषा जुळवली की झालं. आम्हाला उंचीशी देणंघेणं नाही, वेळेशी आहे.

५ मार्च

मंजुरी आली. पहिल्यांदा माग खात्यात. इतका आवाज की संमतीपत्र बाहेर चहाच्या टपरीवर वाचून दाखवावं लागलं.

पहिले काका पन्नाशीचे, वीसेक वर्षं मागावर. डाव्या पोटरीवर बोटाएवढ्या नसा. म्हणाले, “ताई, रात्री पाय निस्ता शिसं भरल्यागत हुतोय बघा. उशीवर ठेवला की जरा बरं.” हे निदानाला धरूनच होतं. पाय वर केला की बरं वाटतं ते शिरांचं दुखणं. वर केल्यावर वाढतं ते बहुतेक धमन्यांचं.

म्हणून पट्टी बांधण्याआधी प्रत्येकाचा घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉप्लरनं (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रानं) घ्यायचा आणि घोट्याचा भागिले दंडाचा असं गुणोत्तर काढायचं. ते ०.८ च्या खाली असेल तर साधी घट्ट पट्टी बांधायची नाही, आधी डॉक्टर मॅडमकडे. ०.५ च्या खाली तर अजिबात नाही. पायाला मुळात रक्तच कमी पोचत असताना बाहेरून आवळलं तर बोटं काळी पडू शकतात. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि गुणोत्तर खोटं चढतं. १.३ च्या वर आलं तरी संशय घ्यायचा.

दुसरे एक काका बिडीचे शौकीन. गुणोत्तर ०.६ च्या घरात. त्यांना पट्टी नाही, उद्याच ओपीडीत या असं सांगितलं. ते चिडले. “माझा पाय त्येच्यापेक्षा जास्त दुखतोय, आन् पट्टी त्येला?” पहिले काका त्यांना समजावत होते, “आरं, तुझा पाइप वरनंच बंद हाय म्हणत्यात.” मी पाऊण तास बोलून जे सांगू शकले नसते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पहिल्या काकांचा भरणावेळ डाव्या पायाला १२ सेकंद. गुडघ्याखाली बीपीचा पट्टा हलका फुगवून वरवरची शीर दाबली आणि पुन्हा घेतला, २७ सेकंद. म्हणजे गळती वरवरच्या शिरेत, खोलवरच्या धड आहेत. पट्टा लावूनही वेळ सुधारला नसता तर बातमी वाईट होती.

१३ मार्च

आजचा दिवस सगळ्या प्रकल्पात मोलाचा.

सेन्सरची पिशवी आतल्या बाजूला, पोटरीचा स्नायू संपून टाचेचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सुरू होतो तिथे. या जागेला बी-१ म्हणतात. उभं राहिल्यावर पोटरीचा घेर सगळ्यात जास्त इथेच बदलतो. आधी दुकानातला लवचिक मोजा. काका झोपलेले असताना २२ मिमी पारा. उभे राहिले, २६. चालले, काटा थोडासाच हलला. मग कमी ताणणारी, जवळजवळ न ताणणारी सुती पट्टी डॉक्टर मॅडमनी स्वतः बांधली. झोपलेले असताना ४०, उभे राहिल्यावर ५७, आणि बोळात चालायला लावलं तेव्हा दर पावलाला काटा ७५ च्या पार जाऊन परत खाली. ५०१० घेतला असता तर शिखरं कापली गेली असती. जोडीदार काही बोलला नाही.

उभ्याचा आणि झोपलेल्याचा फरक म्हणजे कडकपणाचा निर्देशांक. १० च्या वर असेल तर कडक पट्टी. मोज्याचा आला ४, पट्टीचा १७. उभं राहिलं की पोटरी फुगते. लवचिक मोजा तिच्याबरोबर फुगतो आणि वाट करून देतो. कडक पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे स्नायूचा जोर आत, शिरेवर जातो. दर पावलाला शीर क्षणभर मिटते आणि मग उघडते. पार्श यांचा ७० चा आकडा इथे भेटला. पट्टीनं दिवसभर ७० नं आवळायची गरज नाही, माणूस चालला की तो दाब त्याचाच स्नायू तयार करतो. आडवा झाला की पट्टी आपली शांत, म्हणून रात्रीही सोसते.

मग लवचिक मोजा निरुपयोगी का? नाही. तो उभ्या माणसाची शीर मिटवत नाही, पण केशवाहिन्यांतून बाहेर झिरपणारं पाणी अडवतो. सुजेसाठी तेवढं पुरतं. म्हणून ‘मोजा चांगला की पट्टी’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. सूज कमी करायची की पंपाला हात द्यायचा?

२२ मार्च

सूज मोजायला बादली आणली होती. पाय बुडवायचा, सांडलेलं पाणी मोजायचं. माग खात्यात दोन पाळ्यांच्या मधे ते शक्य नाही. टेप घेतला.

टेपचं गणित मजेदार आहे. दर ४ सेंमीवर घेर घ्यायचा. त्या चकतीचं आकारमान म्हणजे घेराचा वर्ग भागिले π (३.१४), कारण चारने गुणणं आणि चारने भागणं उडून जातं. २२ सेंमी घेराची चकती १५४ मिली, ३४ ची ३६८. सगळ्या चकत्यांची बेरीज केली की झालं.

टेप किती ओढायचा हा मात्र मोठा घोळ. ३० सेंमी घेरावर ३ मिमीची चूक झाली तर एका चकतीत सहा मिली कमी-जास्त. आठ चकत्यांत सगळीकडे तसाच हात पडला तर ४५ मिलीच्या वर. दिवसभराची सूजच तेवढी असते! म्हणून सकाळ-संध्याकाळ एकाच माणसानं मोजायचं, शाईच्या खुणांवर. मोजणार मी.

काकांचा डावा पाय मोज्याविना सकाळपासून संध्याकाळपर्यंत ९० मिलीनं वाढला. मोजा घातलेल्या दिवशी ३० च्या आसपास. एकाच माणसाचे आकडे आहेत, यावरून पोस्टर करायचं नाही.

३ एप्रिल

डॉक्टर मॅडमच्या अल्ट्रासाउंडवर. पोटरी पिळून सोडली की मांडीच्या आतल्या बाजूच्या मोठ्या वरवरच्या शिरेत रक्त उलटं येतं का, ते रंगात दिसतं. अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं आलं तर झडप गळते असं धरतात. काकांचं दोन सेकंदांच्या वर.

मोजा घालून बघायचं तर प्रोब (यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग) कुठे ठेवणार? मोज्याला भोक पाडलं तर तिथला दाबच जातो. म्हणून मोजा गुडघ्यापर्यंत आणि प्रोब मांडीवर.

झोपलेल्या पायात मोजा घातल्यावर वेग वाढलेला दिसला. जाहिरातीत ‘रक्ताभिसरण वाढवतो’ म्हणतात ते याच आकड्याच्या जोरावर. पण शीर अरुंद झाली की तेच रक्त वेगानं जातं. नळावर बोट धरलं तर चिळकांडी लांब जाते, बादली लवकर भरत नाही. वेग आणि मिनिटाला वाहणारं रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वहीत त्या वेगळ्या रकान्यांत राहतील. वेग वाढला म्हणजे गुठळी टळलीच असंही नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या २००९ च्या क्लॉट्स चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्यांचं प्रमाण कमी झालं नाही, उलट कातडीला इजा वाढल्या. आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं यात इतकं अंतर असू शकतं. जखमांचं मात्र वेगळं. शिरांच्या जखमा पट्टीनं लवकर भरतात, त्याबद्दल दुमत नाही.

मोज्याखालच्या भरणावेळाबद्दल: १२ चे १७ झाले, कडक पट्टीखाली २१. पण मोजा सेन्सरलाच कातडीत दाबतो आणि तिथलं रक्त हटवतो. हे आकडे मी दुय्यम पुरावा म्हणून लिहिते. सरांना ते पहिल्या पानावर हवेत. बोलणं बाकी आहे.

१९ एप्रिल

ऊन तापलंय, खात्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही. काकांनी मोजा सोडला. “दुपारी फुरफुर हुतीय, घाम खाली साचतोय.” कडक पट्टी त्यांना स्वतःला बांधता येत नाही आणि घरी बांधणारं कुणी नाही. प्रयोगशाळेत १७ चा निर्देशांक देणारी पट्टी खुंटीला टांगलेली असेल तर तिचा दाब शून्य.

कापडाच्या गावात कापडाचाच उपाय शोधायचं ठरलं. खाटेची नवार सुती, रुंद आणि मुळीच न ताणणारी. शिंप्याकडून पाच आडवे पट्टे मागच्या एका फाळक्यावर शिवून घेतले, पुढे व्हेल्क्रो. बाजारात व्हेल्क्रोचे दाबपट्टे मिळतात, परदेशी बनावटीचे, पण किंमत कामगाराच्या आवाक्यातली नाही. प्रत्येक पट्टा वेगळा आवळता येतो, त्यामुळे निमुळत्या पायावर बसतो, आणि सुट्टीत दोन मिनिटं मोकळाही करता येतो.

आजचं माप: झोपलेले ३५, उभे ४९. तीन तासांनी झोपलेले २४, कारण सूज उतरली आणि पट्टा सैल पडला. काकांनी स्वतः आवळला, पुन्हा ३६. हे अंदाजानं जमलं. नेहमी जमेलच असं नाही, आणि जास्त आवळला गेला तर धोका आहे. व्हेल्क्रोवर घेराप्रमाणे रंगीत खुणा हव्यात, लाप्लासच्या सूत्रानं नव्हे, प्रत्यक्ष मोजून.

बाकी कामं. नवारीच्या कडा टोचतात, आतून मलमलचं अस्तर. दुसऱ्या शिंप्याकडून तसाच पट्टा शिवून घेऊन दाब तोच येतो का बघणं. मधुमेह असलेल्यांना हा पट्टा द्यायचाच नाही, हे संमतीपत्रात ठळक. सोमवारी रात्रपाळीच्या लोकांची मापं घ्यायची आहेत. पाळी सुटायच्या आत पोचायला हवं, कारण घरी जाऊन तासभर आडवे झाले की सूज उतरते आणि माप वाया जातं.